आधी कोण उठणार

क्लेमाँस मेते आणि मी एकाच वर्षी, १९२४ साली, ला फ्वारिएर गावात जन्मलो. तिचं घर ओढ्याच्या पलीकडे, माझं अलीकडे. पलीकडे ‘धाकट्या मंडळी’ची सात घरं होती, अलीकडे बाकीचं गाव. ओढा एवढा अरुंद की फेब्रुवारीत पूर आला तरी कोंबडी उडून जाईल. पण मी अकरा वर्षांची होईपर्यंत तो एकटीने ओलांडलेला नव्हता. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, त्या काठावरच्या मुलींशी वाईट वागू नका, पण खेळूही नका.

धाकटी मंडळी म्हणजे कोण, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. राज्यक्रांतीत आमचा हा भाग राजाच्या आणि पाद्र्यांच्या बाजूने लढला. पॅरिसहून निळ्या डगल्यांचं सैन्य आलं आणि १७९४च्या हिवाळ्यात गावंच्या गावं जाळून गेलं. सात वर्षांनी त्याच निळ्यांच्या सेनापतीने, नेपोलियनने, पोपशी तह केला. जुन्या बिशपांनी पायउतार व्हायचं, सण कमी करायचे, आणि ज्यांनी घरं जाळली त्यांच्या प्रमुखासाठी दर रविवारी प्रार्थना करायची. बहुतेक लोक दमलेले होते, हो म्हणाले. काही घरं नाही म्हणाली. बिशप नमला असेल, पोप नमला असेल, आम्ही नाही. त्यांचे पाद्री एकेक करून वारले. नवा पाद्री घडवायला बिशप लागतो आणि त्यांच्याकडे बिशप नव्हता. त्यामुळे माझ्या पणजोबांच्या काळापासून त्या सात घरांना पाद्री नाही. ती माणसं स्वतःच पोरांना बाप्तिस्मा देतात, स्वतःच मृतांना पुरतात, रद्द झालेले सगळे सण पाळतात. आणि पाद्री नाही म्हणून ख्रिस्ताचं शरीर म्हणून खायची ती पवित्र भाकर नाही. जन्मभर नाही.

या एका गोष्टीसाठी क्लेमाँसचा जीव आयुष्यभर झुरला. म्हणूनच मी तिच्याबद्दल लिहिते आहे.

अकरा वर्षांची असताना मी पांढरा झगा घालून पहिल्या प्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा खाण्याच्या, मिरवणुकीत निघाले होते. झुडपांच्या कुंपणापलीकडे ती दोन बादल्या घेऊन उभी होती. संध्याकाळी मी ओढ्यावर गेले तर तिने विचारलं, “चव कशी असते गं?”

“कागदासारखी,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू जेवणाच्या ताटाला लाथ मारली. “तुला सांगता येत नसेल तर गप्प बस,” ती म्हणाली. आमची मैत्री त्या दिवशी सुरू झाली.

त्यांच्या प्रार्थनाघरात रविवारी मिसा, म्हणजे मुख्य उपासना, होते, पण पाद्र्यावाचून. मंडळीतलं एक माणूस लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून बसतं आणि जुन्या पुस्तकातून सगळं वाचतं. भाकर पवित्र करण्याचे शब्द येतात तिथे ते थांबतं. ती दोन पानं फक्त पाद्र्याने वाचायची. तेवढा वेळ सगळे गुडघे टेकून गप्प असतात. मग पान उलटून पुढचं सुरू. क्लेमाँसचे वडील असे ‘पुढे वाचणारे’ होते. १९५१ साली ते गेले. मुलगा नव्हता, आणि बाकीच्या पुरुषांना लॅटिन धड येत नव्हतं, म्हणून पुस्तक क्लेमाँसकडे आलं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. ब्रेस्युइरच्या एका सुताराशी तिचं लग्न ठरल्यासारखं होतं, पण तो मोठ्या मंडळीतला, म्हणजे पोपच्या चर्चमधला, आणि पुढे वाचणारी बाई बाहेर लग्न करू शकत नाही. सुताराने दोन वर्षं वाट पाहिली आणि मग पोस्टातल्या एका मुलीशी लग्न केलं. क्लेमाँस त्याबद्दल एकदाच बोलली. “चांगला रंधा मारायचा,” एवढंच.

माझं लग्न मार्सोशी झालं होतं. मार्सो सरकारी शाळेचा मास्तर. त्याचं नावच निळ्यांच्या एका सेनापतीवरून ठेवलेलं. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या कुणी चर्चची पायरी चढलं नव्हतं. जिवलग मित्राच्या दफनालासुद्धा तो आणि त्याच्यासारखे दहा-बारा जण चौकात टोप्या हातात घेऊन उभे राहिले. मिसा संपली, पेटी बाहेर आली, की मागून चालू लागले. माझ्या आईने आमचं लग्न झाल्यावर सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. गावात दोन शाळा, दोन बेकऱ्या, दोन फुटबॉलचे संघ. एकदा सांडपाण्याच्या नाल्याची दिशा ठरवायची होती, तर पंचायतीत मतं बरोबर १७९३ सालासारखी, निळे एकीकडे आणि राजाची माणसं दुसरीकडे, अशी पडली. मी मार्सोला म्हटलं, पाणी तरी उताराने जाऊ द्या. तो म्हणाला, “उतार त्यांच्या बाजूला आहे.”

आता १९६५. ऑक्टोबरात बिशपसाहेबांचं पत्र आलं. यापूर्वीही पत्रं आली होती, पण त्यांत नेहमी अट असे: आधी चूक कबूल करा, तुमच्या वाडवडिलांनी चूक केली असं सही करून द्या. अशा पत्राला नाही म्हणणं सोपं होतं. या पत्रात अटच नव्हती. तुमच्या पूर्वजांचा आम्ही आदर करतो, काही नाकारू नका, काही लिहून देऊ नका, तुमचं प्रार्थनाघर तुमचंच राहील, आम्ही पाद्री पाठवू, फक्त या.

क्लेमाँसने पत्र माझ्या स्वयंपाकघरात तीनदा वाचलं. मी चिकोरीची कॉफी पुढे ठेवली, ती निवून गेली.

“यात कुठे खोट आहे का, बघ,” ती म्हणाली. “तू सिस्टरांकडे शिकलीस.”

“नाही दिसत.”

“मलाही नाही.” मग बराच वेळ ती टेबलावरचं मेणकापड नखाने खरवडत बसली. “हीच खोट.”

मार्सो वह्या तपासत होता. तो न राहवून बोलला, “शत्रूच उरला नाही तर माणसाने उभं राहायचं कुठे, नाही का?”

“तुम्ही तुमचं लाल शाईचं बघा, मास्तर,” क्लेमाँस म्हणाली.

तेव्हा मंडळीत एकतीस मोठी माणसं होती. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांतली बहुतेक एकेक करून क्लेमाँसकडे आली. सगळी मागच्या दाराने, सगळी काहीतरी निमित्ताने: कुणी अक्रोड घेऊन, कुणी बकरीच्या चीजचा वरून काळा भाजलेला केक घेऊन. सगळ्यांचं म्हणणं सारखंच होतं. मला विचारशील तर माझी हरकत नाही. पण आधी मी उठणार नाही.

बाबा ग्रेलिए आले तेव्हा मी तिथे शेंगा सोलत होते. ते मंडळीतले सर्वांत वडीलधारे, एक्याऐंशी वर्षांचे. मला पाहून आधी हवापाण्याचं बोलले, गाईच्या खुरांचं बोलले. मग म्हणाले, “मास्तरीणबाई बाहेर कुठे बोलणार नाही ना?”

“तिला काय, ती वहीत लिहून ठेवते, तोंडाने नाही बोलत,” क्लेमाँस म्हणाली.

“मला वाटतं,” बाबा ग्रेलिए म्हणाले, “मरायच्या आधी एकदा मिळालं तर बरं. माझी बायको मार्ग्रित तशीच गेली. शेवटी तोंड उघडून पडली होती, पाखराच्या पिलासारखी. मी पाण्याने ओठ ओले केले. दुसरं काय करणार?”

“मग त्या दिवशी उठा ना, बाबा. तुम्ही उठलात की सगळे उठतील.”

“मी? माझ्या पणजोबाच्या बापाला निळ्यांनी गोठ्यात घालून जाळलं.”

“ते निळे होते. बिशप नव्हते.”

“आणि त्या निळ्यांबरोबर कुणी हात मिळवला?” ते टोपी घालून उठले. “तू पुढे वाचतेस. तू उठ. मी तुझ्या मागे आहे.”

‘उठणं’ म्हणजे काय तेही सांगते. दर वर्षी दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, गावात सगळे घिरडी करतात. त्याच दिवशी प्रार्थनाघरात पुढे वाचणारं माणूस एक प्रश्न विचारतं. तह झाल्यापासून तो त्याच शब्दांत विचारला जातो: “आपल्यापैकी कुणी वाट सोडून जात आहे का?” जाणाऱ्याने उठायचं आणि डावीकडच्या दाराने बाहेर पडायचं. कुणी वळून पाहायचं नाही, पुढे त्याच्याबद्दल बोलायचं नाही. बाकीच्यांनी काही बोलायचं नसतं. बसून राहणं हेच उत्तर. बिशपसाहेबांना निर्णय कळवायचा होता आणि मंडळीचा निर्णय घ्यायचा दुसरा कुठलाच रिवाज नव्हता. सगळे उठले तर सगळे गेले.

डिसेंबरच्या शेवटी क्लेमाँसचा हिशेब सव्वीसवर आला. एकतिसांतले सव्वीस जण मागच्या दाराने हो म्हणून गेले होते. ती सत्ताविसावी. आणि सत्तावीस जणांपैकी एकही आधी उठणारा नव्हता, तीसुद्धा.

“मला उठता येत नाही असं नाही,” ती म्हणाली. “पण मी पाठ करून बसते. मी उठले आणि मागून कुणीच आलं नाही, तर? मग पुस्तक कोण वाचणार? उरलेल्यांना मी काय देऊन गेले?”

तेव्हा मी, मला अगदी साधी वाटलेली गोष्ट सांगितली. “चिठ्ठ्या टाका. हो किंवा नाही. पेटीत. कुणी लिहिलं ते कुणालाच कळणार नाही. निवडणुकीत करतोच की आपण.”

ती हसली. मनापासून हसली. “मतपेटी? प्रार्थनाघरात? अगं, ती त्यांची. त्या पेटीनेच राजाला मारलं.”

“तुम्ही सगळे दर निवडणुकीला येऊन मत देता.”

“त्यांच्या घरी गेल्यावर त्यांच्या ताटात जेवतो. म्हणून ताट आपल्या घरी आणायचं?”

विषय तिथेच थांबला. पण ती पेटी तिच्या डोक्यातून गेली नाही. तीन आठवडे ती आली नाही. माझ्या वहीत १९ जानेवारीला नोंद आहे: ‘क्लेमाँस आली. रविवारचा डगला घालून, पुढच्या दाराने.’ ती कधीच पुढच्या दाराने येत नसे. ती माझ्याकडे आलीच नव्हती. मार्सोकडे आली होती. मास्तर म्हणून गावच्या कचेरीचं चिटणीसपद त्याच्याकडे होतं आणि ओकच्या लाकडाची, दोन कुलुपांची मतपेटी कचेरीच्या कपाटात त्याच्या ताब्यात होती.

तिने उभ्यानेच सांगितलं. “मास्तर, एका दिवसासाठी पेटी पाहिजे. लिफाफेही. मी स्वतः न्यायला आणि परत आणून द्यायला येईन.”

मार्सोने चष्मा काढला. मी त्याला तेवीस वर्षं ओळखत होते. त्याला तिची कीव आली आहे हे मला दिसत होतं.

“कशासाठी, मादमुआझेल मेते?”

“तुम्हाला माहीत आहे कशासाठी.”

“मग देता येणार नाही. ती प्रजासत्ताकाची पेटी आहे. धर्माच्या जागेत ती जात नाही. १९०५चा कायदा आहे, राज्य वेगळं, धर्म वेगळा. माझा बाप त्यासाठी लोकांचे दगड खात शाळा चालवत होता.”

“मार्सो,” मी म्हटलं, “लाकडाचं खोकं आहे ते.”

“लाकडाचं खोकं असतं तर यांनी इथे येईपर्यंत तीन आठवडे लावले नसते,” तो म्हणाला. आणि त्याचं खरं होतं, हेच वाईट.

क्लेमाँसने मान हलवली. तिला राग आला नव्हता. तिला मार्सोचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं असं मला वाटलं. दारापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. म्हटलं, “सूपचं भांडं घे माझं, झाकणाचं. चिठ्ठ्याच टाकायच्या आहेत.”

“भांडं माझ्याकडेही आहे,” ती म्हणाली. “भांडं ठेवलं तर क्लेमाँस मेतेने ठेवलं असं होईल. सरकारी पेटी असती तर म्हणता आलं असतं, सरकारने करायला लावलं. आमच्या लोकांना कुणीतरी भाग पाडावं लागतं गं. आपणहून आम्ही काही केलेलंच नाही कधी. नाही म्हणणं सोडून.”

मार्सो त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही. आमच्या संसारातला तो सर्वांत मोठा अबोला, अकरा दिवसांचा. वहीत मोजलेला आहे.

दोन फेब्रुवारी १९६६, बुधवार. बाहेरच्यांना त्या दिवशी आत घेत नाहीत, म्हणून मी क्लेमाँसच्या घरी चुलीपाशी थांबले होते. घिरड्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं. म्हटलं, ती कशीही परत आली तरी खाईल. आत काय झालं ते मला नंतर तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि तिघांचं जुळतं.

क्लेमाँसने सगळं वाचलं. दोन पानांपाशी थांबली. सगळे गुडघ्यांवर होते. मग पुस्तक मिटून, वेदीकडे तोंड करून, तिने प्रश्न विचारला. आणि ती ऐकत राहिली. तिने ठरवलं होतं, मागे एक बाक जरी करकरला तरी मी उठेन. मागे एकतीस... ती धरून एकतीस, म्हणजे तीस माणसं तिच्या पाठीकडे पाहत होती. त्यांनी ठरवलं होतं, ती हलली की आपण हलायचं. बाबा ग्रेलिए पहिल्या बाकावर होते. त्यांनी मला सांगितलं, “तिच्या मानेचा एक केस हलला असता तरी मी उठलो असतो. पण तिची मान दगडासारखी.” सोलांज म्हणून एक विधवा होती, तिने पायातले लाकडी जोडे मुद्दाम घरी ठेवून कापडी घातले होते, उठताना आवाज होऊ नये म्हणून. आवाज झाला असता तर बरं झालं असतं.

हे किती वेळ चाललं यावर मात्र एकमत नाही. बाबा ग्रेलिए म्हणत, एक जपमाळ होईल इतका. सोलांज म्हणाली, अर्धी. कुणीतरी खोकलं. क्लेमाँसने पुस्तक उघडलं आणि शेवटची प्रार्थना वाचली.

ती घरी आली, डगला खुंटीला लावला, हात धुतले. तिने तवा तापत ठेवला आणि पहिलं घिरडं घातलं. ते तव्याला चिकटलं. तिने ते उलथन्याने खरवडून काढलं, कोंबड्यांच्या बादलीत टाकलं, आणि दुसरं घातलं.

“कुणाचाच आवाज आला नाही,” ती म्हणाली.

“तू वळून पाहायचं होतंस.”

“वाचणाऱ्याने वळायचं नसतं.”

बिशपसाहेबांना चार ओळींचं उत्तर गेलं. पुढच्या आठवड्यात ते सव्वीसच्या सव्वीस जण पुन्हा मागच्या दाराने येऊन गेले. बरं केलंस, म्हणाले. तू खंबीर राहिलीस म्हणून आम्हीही राहिलो. तिने सगळ्यांना कॉफी दिली. बाबा ग्रेलिए त्याच वर्षी सप्टेंबरात गेले. त्यांचे ओठ तिने पाण्याने ओले केले.

त्यानंतर प्रश्न दर वर्षी विचारला गेला. तरुण घरं कामासाठी शहरात गेली आणि तिथे मुकाट्याने जवळच्या चर्चमध्ये जाऊ लागली. मार्सो १९९१ साली गेला. त्याने लिहून ठेवल्याप्रमाणे त्याला पाद्र्याशिवाय पुरलं. क्लेमाँस कबरीपर्यंत आली. “पाद्री नसताना कसं पुरायचं हे मला विचारायला हवं होतंस,” ती माझ्या कानात म्हणाली. त्या दिवसातलं माझं एकमेव हसणं ते.

गेल्या वर्षी, २००५ साली, धाकट्या मंडळीत चार माणसं उरली: क्लेमाँस, सोलांज, आणि मोरो हे दोघे भाऊ, सगळी सत्तरीच्या पुढची. नोव्हेंबरात क्लेमाँसला न्यूमोनिया झाला आणि तिला इस्पितळात हलवलं. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नाही. आमच्या गावाला हल्ली टोगोहून आलेले फादर कोसी आहेत, सोळा गावांना मिळून एकटे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “एवढंच ना? मी येतो.”

ते पवित्र भाकर घेऊन आले. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “आजी, काही विचारणार नाही, काही कबूल करून घेणार नाही. तुम्ही फक्त तोंड उघडा.”

क्लेमाँसने त्यांच्या हातातल्या छोट्या डबीकडे पाहिलं. इतकं पाहिलं की मला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं. एक्याऐंशी वर्षं ती त्या डबीची वाट पाहत होती आणि डबी तिच्या तोंडापासून वीतभर लांब होती.

“घरी तिघं आहेत,” ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला दम लागत होता. “त्यांना विचारलंत?”

“त्यांनाही विचारेन.”

“आधी त्यांना. मी वाचणारी. मी सगळ्यांच्या आधी कशी खाऊ?”

फादर कोसी तरुण आहेत, दमत नाहीत. दुसऱ्या दिवशी पावसात गाडी घेऊन ते तिन्ही घरं फिरले. सोलांज म्हणाली, माझी काही हरकत नाही, पण क्लेमाँसने घेतलं का? थोरला मोरो म्हणाला, धाकट्याला विचारा. धाकटा म्हणाला, मला काही नाही, पण वाचणारीने घेतलं का?

संध्याकाळी ते इस्पितळात परत आले, ओला कोट हातात घेऊन. त्यांनी तिला तिघांचीही उत्तरं शब्दशः सांगितली. पाद्र्याने लपवायला हवं होतं की नाही, मला ठरवता आलेलं नाही.

क्लेमाँसने डोळे मिटून ऐकलं. “बघा,” ती म्हणाली. फादरना म्हणाली की मला, कळलं नाही.

ती बरी झाली. डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं. डिसेंबरात घरी आली. या फेब्रुवारीच्या दोन तारखेला धाकट्या मोरोने तिला हाताला धरून प्रार्थनाघरात नेलं, वेदीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. पुस्तक आता तिला दिसत नाही, पाठ आहे. तिने प्रश्न विचारला. मागे तिघं बसून होते.